मुग्धाला न सांगितलेली चूक

दुबईच्या इस्पितळांत एमआरआयची मशिनं बसवणारा सुजीत एके काळी पुण्यात पीएचडी करत होता. आकाशगंगांमध्येसुद्धा चुंबकीय क्षेत्र असतं. त्याचं पहिलं बीज कुठून आलं, हा त्याचा विषय. विश्व जन्मताच प्रचंड वेगानं फुगलं, त्याच वेळी ते बीज पडलं, असं त्याचं गणित सांगत होतं. सर खूश होते.

शहाण्णव साली दुबईची नोकरी मिळाली आणि त्याच आठवड्यात त्याला स्वतःच्या गणितात चूक सापडली. ती सुधारली, की विश्व फुगेल तसं क्षेत्र विरत जाई. बीज म्हणावं इतकंही उरत नसे. सरांना सांगावं तर ते थांबवून ठेवणार. पोचल्यावर कळवू, म्हणून तो निघाला. दुबईतल्या करामा भागात फ्लॅट झाला, लग्न झालं, मुलगी झाली, कळवणं मात्र राहिलं. त्याचं काम सरांनी त्याच्या ज्युनिअर मुग्धाकडे सोपवल्याचं कानावर आलं, तेव्हा तर कोणत्या तोंडानं बोलायचं, म्हणून तो आणखीच गप्प बसला.

२००३ मध्ये मुग्धा शारजाच्या रोल्ला भागात भावाकडे आली होती. फोन करून ती सुजीतला भेटायला आली. चहा टाकता टाकता, पाठमोरा राहूनच तो म्हणाला, "त्या गणितात चूक होती. मला निघायच्या आधीच कळलं होतं."



"मला तिसऱ्या वर्षी सापडली," ती म्हणाली. "सर म्हणाले, सुजीतला माहीत असणार. मी भांडले रे त्यांच्याशी. म्हटलं, माहीत असतं तर तो सांगितल्याशिवाय गेलाच नसता."

"आणि पीएचडी?"

"सुटली. नवा विषय घ्यायचा तर स्कॉलरशिप संपलेली. ज्युनिअर कॉलेजात शिकवते आता."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं चहा घेतला, छोट्या सृष्टीला शाळेबद्दल विचारलं आणि उठली. दारात म्हणाली, "सरांना तूच सांग."

शुक्रवारी त्यानं पुण्याला फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझी बाजू घेतली म्हणून मी तिला भोळसट म्हणालो होतो," ते म्हणाले. "माझं खरं ठरायला नको होतं, सुजीत."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

"हू वॉज इट, पप्पा?" सृष्टीनं विचारलं.

"ऑफिसचं काम होतं," सुजीत म्हणाला, आणि तिच्याकडे त्याला बघवेना.