सहावं बोट आणि माझी जीभ

माझ्या पुतण्याला अकरा बोटं आहेत. पण त्याचं लग्न मोडायची वेळ आली ती बोटामुळे नव्हे, माझ्यामुळे.

निलेश सुरतेजवळ इच्छापोरला कंपनीत कामाला. कडोदऱ्याची मुलगी त्याला पसंत पडली होती आणि तिच्या घरचे आमचं उधन्याचं घर बघायला येणार होते. वहिनीचा सकाळपासून एकच धोशा : "नील्या, डावा हात खिशात!"

मुलीचे वडील लूमच्या कारखान्यात कापड तपासतात. आयुष्य खोट शोधण्यात गेलेलं! ते आत आले आणि निलेश घाबरून दोन्ही हातांनी त्यांच्या पाया पडला. अकराच्या अकरा बोटं पायांवर!

ते बघतच राहिले. मुलीची आईच म्हणाली, "सहावं बोट नशीबवानाला असतं म्हणतात."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. मिटलं होतं हो सगळं! पण मी विज्ञानाच्या शिकवण्या घेतो (कुणी न मागताही).

"नशीब कसलं? याला म्यूटंट म्हणतात!"

"म्हणजे?"

"मूळ शब्द लॅटिन. अर्थ, बदलणे. जनुकांत बदल झालेला जीव तो म्यूटंट. मराठीत उत्परिवर्तित!" (हे ऐकून मुलीच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली.)

वहिनीने डोळे वटारले. मला वाटलं, सोपं करून सांग म्हणतेय.

"तुमच्या लूमवर डिझाइनच्या कार्डात एक भोक चुकलं की पुढचं सगळं कापड चुकतं ना? तस्संच! पिढ्यान् पिढ्या!"

मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. घाबरून त्यांची अहिराणी बाहेर आली. "म्हंजे पोऱ्या सेकंड माल शे का?"

"छे हो! पांढरे उंदीर, बिनबियांची द्राक्षं, सगळी म्यूटंटच!"

"बिनबियांची?" मुलीची आई उठून उभीच राहिली. निलेश रडायच्या बेतात.

वडिलांनी चष्मा चढवला. निलेशचा हात खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "कापडात खोट निघाली म्हणून आम्ही अख्खा ताका फेकत नाही. खोट असेल तेवढा तुकडा कापतो."

"भावजी!" वहिनी माझ्यावर किंचाळली. "तुमच्यापायी पोराचं बोट जातंय!"

"बोटाला काय झालंय? बोट चांगलं आहे," ते शांतपणे म्हणाले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

साखरपुडा फार छान झाला म्हणे. मला फोटो दाखवले.