माहेरची गोधडी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कळव्याच्या आमच्या इमारतीत त्या बाईंची आठवण निघाली, की मी विषय बदलायचो.

अशी एखादी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. ब्लाउज शिवायच्या आणि रस्त्यावर सापडलेली कुत्र्या-मांजरांची पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायच्या. पिल्लू नेणाऱ्याच्या हातावर ठेवलं, तरी खालचा आपला हात लगेच काढायच्या नाहीत. आधी म्हणायच्या, "नाही जमलं तर परत आणा. हे त्याचं माहेर आहे. कुणी काही विचारणार नाही." मग हात काढायच्या. सोबत चिंध्यांची छोटी गोधडी द्यायच्या. ओळखीचा वास असला की पिल्लू कमी रडतं म्हणे.

चौकशी मात्र कडक. खिडकीला जाळी आहे का, दिवसा घरी कोण असतं. मी एकदा म्हणालो, "बाई, मुलीचं लग्न ठरवतानाही लोक एवढं विचारत नाहीत."

"मुलगी निदान बोलते, भाऊ. हे काय सांगणार?"

निवृत्तीनंतर मीच त्यांच्याकडून कुत्र्याचं एक तांबूस पिल्लू मागून घेतलं. त्यांनी नेहमीचं वाक्य सुरू केलं, तेव्हा चार लोकांसमोर मी हसलो. "आम्ही परत करणाऱ्यांतले नाही, बाई."

पिल्लानं चपला कुरतडल्या. रात्रभर केकाटायचं. आठवड्यातच मी वैतागलो. एक जिना चढून परत द्यायचं होतं, पण चार लोकांसमोर बोललेलं माझंच वाक्य आडवं येत होतं. मी रिक्षा केली आणि शीळफाट्याजवळ एका ढाब्यामागे त्याला सोडलं. ते रिक्षामागे धावलं. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "चला."

बाईंना सांगितलं, पिल्लू गेलं.

"अगं बाई! उलट्या होत होत्या?"

"हो."

"रक्तही पडत होतं का हो?"

"हो."

त्या म्हणाल्या, "म्हणजे आजार माझ्याच घरातून गेला. ती गोधडी जाळून टाका, भाऊ."

मी ती जाळली नाही. अजून माळ्यावर आहे.

त्यांनी मात्र घरातल्या सगळ्या गोधड्या जाळल्या, फिनेलनं घर धुतलं, उरलेली पिल्लं दुसरीकडे दिली. पुढे कुणी पिल्लू घेऊन आलं, की दारातच हात जोडायच्या. "माझ्याकडे नको. माझ्या घरात जगत नाहीत." खाली माझ्या दारापर्यंत ऐकू यायचं. इमारतीतले लोक म्हणाले, "बरं झालं, घाण गेली." मीही मान डोलावली.

नंतर त्या आजारी पडल्या आणि डोंबिवलीला मुलीकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेलो, ती शेवटची भेट. 'बाई, पिल्लू आजारी नव्हतं. मी सोडून आलो. मला माफ करा.' वाटभर एवढंच घोकत होतो.

मला पाहून त्या उठायला धडपडल्या. मुलीला म्हणाल्या, "यांना मी आजारी पिल्लू दिलं होतं गं." मग माझा हात दोन्ही हातांत धरला.

"भाऊ, मला माफ केलंत ना?"

मी तोंड उघडलं. मुलगी चहा घेऊन उभी होती.

"केलं, बाई."

तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.