मोजण्याआधी थंड होऊ द्या

गोळी घेतली त्या पहिल्याच दिवशी मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सलग चाळीस जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले सुटे भाग, मोजले आणि एकदाही जागेवरून उठले नाही. चाळीस! एरवी चार झाले की मला पाणी प्यायचं असतं, पंखा कमी करायचा असतो, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची चौकशी करायची असते. अडतिसाव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं तेव्हा आई म्हणालेली, "हे तर तू पहिलीत होतीस तेव्हाच मी सांगत होते. तेही फुकटात." त्या सकाळी डोक्यातला बाजार एकदाचा उठला, आणि मी आनंदाने नाचायचीच बाकी राहिले.

दुपारी शरीराने आपलं म्हणणं मांडलं. तोंडाला कोरड पडली, बोटं गार झाली, डबा उघडावासा वाटेना, आणि बसल्या जागी छाती धडधडायला लागली. डॉक्टरबाईंनी हे आधीच समजावलं होतं. हृदयाचे ठोके, घाम, लाळ, पचन ही कामं स्वायत्त मज्जासंस्था आपल्याला न विचारता सांभाळते. तिची एक बाजू शरीराला पळवते, दुसरी निवांत करते. गोळी लक्ष ताळ्यावर आणते, पण जाता जाता त्या पळवणाऱ्या बाजूलाही डिवचते. "नाडी आणि बीपी दोन आठवडे लिहून आणा," सूचनांचा कागद हातात देत त्या म्हणाल्या. "आकडे चढेच राहिले तर ही गोळी थांबवावी लागेल."

थांबवावी लागेल? आत्ता कुठे मिळालेलं डोकं परत करायचं? मला त्यांचा रागच आला.

बीपीचं मशीन आणलं. सकाळी डबा भरता भरता मोजायचे. संध्याकाळी ठाकुर्लीच्या घराचे तीन जिने चढून, पर्स खांद्यावर तशीच, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या दंडाला पट्टा. नाडी एकशे अठरा. घाबरून पुन्हा मोजायचे, तर एकशे चोवीस. आठ दिवसांत वही अशी भरली की ती डॉक्टरबाईंना दाखवायची मला हिंमत होईना.

नवव्या दिवशी ग्राइंडिंगवरचे काका मशीनवरून नुकताच उतरवलेला शाफ्ट घेऊन आले. "मॅडम, पटकन बघा ना, गाडी उभी आहे."

मी भडकले. "काका, इतकी वर्षं झाली तुम्हाला! गरम जॉब कुणी मोजतं का? फुगलेलाच दाखवणार तो. ठेवा तिथे प्लेटवर, थंड होऊ द्या आधी."

काकांनी गुपचूप शाफ्ट ग्रॅनाइटच्या प्लेटवर ठेवला. मी मात्र मायक्रोमीटर हातात धरून तशीच उभी राहिले. रोज दुसऱ्यांना शिकवते ते मी स्वतःला एकदाही लावलं नव्हतं!

घरी जाऊन डॉक्टरबाईंचा कागद शोधला. मागच्या बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं शांत बसा. मी कागद उलटलाच नव्हता. माझ्यासारखीला सूचना मागच्या बाजूला लिहून देणं म्हणजे आनंदच आहे.

"पाच मिनिटं शांत? तू?" आई हसायला लागली. "विहारात वंदनेला तुला मांडीत दाबून धरायला लागायचं. दोन वेळा तर तुला घेऊन मी बाहेर आलेली."

"तू घड्याळ बघ फक्त," मी म्हटलं.

दंडाला पट्टा बांधून, पाय जमिनीवर टेकवून मी खुर्चीत बसले. आई समोर बसली. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्या मी मोजल्या नाहीत. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, पण उठून तो कमी करावा असं वाटलं नाही. छातीतली धडधड हळूहळू खाली बसत गेली, आणि ती बसताना मला कळत होती. शेवटी आईच्या सांगण्याची वाट न बघता मीच बटण दाबलं. नाडी शहाऐंशी! मी ओरडलेच. पुढे डॉक्टरबाईंनीही नव्याने मोजलेले आकडे पाहून गोळी चालू ठेवली.

पण त्या संध्याकाळी आईने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अजून घड्याळाकडेच बघत होती.

"सात मिनिटं झाली," ती म्हणाली. "पाच झाली तेव्हाच सांगणार होते. म्हटलं, बसलीय तर बसू दे. अडतीस वर्षं वाट बघितलीय."