रक्तातलं वाजवणं

डाळ मिलची फाटकी चाळणी, ट्रकच्या स्प्रिंगचा तुटका पाटा आणि कातड्याची पुडी काढून तिथं एक्स-रेची फिल्म ताणलेला डग्गा. एवढ्यावर एकट्यानं वाजवायची रचना मी मुदखेडला आमच्या पत्र्याच्या खोलीत बांधली.

बाबांना माझा तबला कधी आवडला नव्हता. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा हलगी ओढ्यात फेकली होती. मयतीपुढं, मिरवणुकीपुढं वाजवणं त्या दिवशी संपलं, आणि त्यानंतर घरात कातडी वाद्य नको असायचं. या भंगाराजवळ मात्र बाबा येऊन बसायचे. एकदा पाट्यावर टिचकी मारून म्हणाले, "हे बरं हाय. हे कुणी आपल्यावर लादलेलं न्हाई."

लातूरच्या एका मंडळानं कार्यक्रम ठरवला. संयोजकांनी फोनवर, येताना हलगीही आणा, असं सुचवलं. मला ती येत नाही म्हटल्यावर ते नुसते हसले.

बाबा पहिल्या रांगेत होते. निवेदकानं माझी ओळख करून दिली, "यांना शिकवावं लागलंच नाही. वाजवणं यांच्या रक्तातच आहे." टाळ्या पडल्या. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. बोटं सोलवटेपर्यंत केलेला रियाज त्या माणसानं एका वाक्यात पुसून टाकला होता, तोही कौतुक करून.

मी वाजवलं. जलद भागात चाळणी खणखणायला लागली तशा शिट्ट्या आल्या, दोघं उठून मिरवणुकीत नाचावं तसे नाचायलाही लागले. मला शिसारी आली, त्यांची आणि त्या ठेक्याचीही.

संपल्यावर संयोजक शाल घेऊन आले. मागून कुणीतरी भाड्यानं आणलेली हलगी पुढं केली. फोटोसाठी गळ्यात घाला, संयोजक म्हणाले. मी नको म्हटलं. "अहो, फोटोपुरती," म्हणत त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली आणि पट्टा माझ्या डोक्यावरून घातलासुद्धा. मानेला तो घामट पट्टा लागला. मी हलगी काढून खाली ठेवली.

तोवर बाबा मंचावर आले होते. आवाज न चढवता संयोजकांना म्हणाले, "ती आम्ही एकदा टाकलेली हाय, साहेब." मग वाकून चाळणी उचलायला लागले. शाल खुर्चीवरच राहिली.

पुढं महिन्याभरानं मंडळाच्या पोस्टरवर माझा फोटो दिसला, पट्टा गळ्यात होता तेवढ्यात टिपलेला. काढा म्हणून सांगितलं, तर यात वाईट काय आहे, असं उत्तर आलं.

नंतर मी तो जलद भागच काढून टाकला. रचना आता फार संथ झाली आहे. लोक मधूनच उठून जातात. जाऊ देत.