शेजारणीचं ताट

मंडळी, आज दुपारी सोलापुरातल्या एका हॉटेलात आम्ही वेटरला चांगलंच घाबरवलं.

आम्ही पाच जणी कॅथलिक सिस्टरांच्या बालगृहात एकत्र वाढलो. तिथून बाहेर पडल्यावर आज, साठी ओलांडल्यावर, पहिल्यांदाच पुन्हा भेटलो. भाकरी, शेंगाचटणी आणि गप्पा. जेवण झालं आणि पाचही जणी एकदम उठून बेसिनकडे निघालो. प्रत्येकीच्या हातात शेजारणीचं ताट. बालगृहातला नियमच तो, आपलं नाही, शेजारणीचं ताट घासायचं.

वेटर पळत आला. "अहो मावशी, ठेवा की हितंच."

दुधनीहून आलेली महादेवी म्हणाली, "गप रे. सिस्टर बघतील."

हसून हसून आमची पुरेवाट झाली.

घरी सगळ्यांची ताटं मीच उचलते. आज कितीतरी वर्षांनी माझं कुणीतरी उचललं.

तुमचं ताट शेवटचं कुणी उचललं होतं, आठवतंय का?