पळून गेलेल्यांच्या जाहिराती

आमच्या अमेरिकन मॅनेजरची आठवण निघाली की अजून डोकं फिरतं माझं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुबईत अल कुसैसच्या एका बांधकाम कंपनीत मी सेक्रेटरी होतो. मॅनेजरला तिथे सगळे मुदीर म्हणायचे; ह्या मुदीरला पूर्वज शोधायचं वेड. तिकडून टपालानं जुन्या मृत्युपत्रांच्या, चर्चच्या वह्यांच्या झेरॉक्स यायच्या आणि ऑफिसचं काम बाजूला ठेवून ह्याचं खानदान मी टाइप करायचं. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य असताना गेलेला एक आयरिश मूळपुरुष मात्र काही केल्या सापडत नव्हता.

एका सकाळी सापडला. कुठे, तर त्या काळच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत. बोटीच्या भाड्यापायी सात वर्षं बांधून घेतलेला आयरिश गडी मालकाकडून पळालाय, कपाळावर भाजल्याचा डाग, आणून देणाऱ्यास बक्षीस. "काय छाती असेल ह्या माणसाची," मुदीर म्हणाला आणि चक्क डोळे पुसले त्यानं. जाहिरात फ्रेम करून टेबलामागे लावली.

त्याच महिन्यात आमचा राजापूरकडचा एक गवंडी साइटवरून नाहीसा झाला. गावी आई अंथरुणाला खिळलेली. तीनदा रजा मागितली, तीनदा नाही म्हणाले. पासपोर्ट मुदीरच्या कपाटात. शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. "दादा, तुम्ही एक शब्द टाका ना," म्हणायचा. मी टाकला नाही. माझाही व्हिसा मुदीरच्याच सहीवर होता.

मुदीरनं मला बोलावून पेपरात द्यायचा मजकूर सांगितला. फोटोतला इसम फरार आहे, कोणी कामावर ठेवू नये, दिसल्यास कळवावं. त्या फ्रेमखाली बसून सांगत होता निर्लज्ज.

"फोटो नीट नाही. काही खूण?" त्यानं विचारलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. साहेब, मागे वळून भिंतीकडे बघा, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही मी. म्हणालो, "डाव्या करंगळीचं टोक नाही, सर."

हे आमच्या घरी कळलेलं. वरण वाढताना बायकोनं विचारलं होतं त्याला, कशानं तुटलं म्हणून.

शारजात पकडला त्याला, बोट बघूनच. सुटून घरी पोचला तोवर आईचं दिवसपाणीही उरकलं होतं. मुदीरला मी आजही तोंडाला येतील त्या शिव्या घालतो. पण ती करंगळी त्यानं कधी पाहिलीसुद्धा नव्हती.