सिग्नलकाका दारात नव्हते

आमची ताई घरात बूड टेकून बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवते ती ओट्याला टेकून, फोनवर बोलते ती या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत. लॉन्ड्रीच्या वर आमच्या दोनच खोल्या. एकीत माझं शिवणयंत्र, कापडांचे गठ्ठे आणि मी. उरलेल्या जागेत तिच्या फेऱ्या. "अगं, दोन मिनिटं बस ना माझ्याजवळ," असं म्हणून म्हणून मी हात टेकले. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली आहे. बसते ती फक्त ड्रायव्हरच्या सीटवर, आणि तेही गाडी चालू असेल तर.

ती आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्राची गाडी चालवते. सकाळी म्हाताऱ्या माणसांना घरोघरून उचलायचं, केंद्रात सोडायचं, संध्याकाळी परत पोचवायचं. केंद्रात त्यांना गरम जेवण मिळतं, गुडघ्यांचे व्यायाम होतात, आणि मुख्य म्हणजे भांडायला माणसं मिळतात. गाडी आली नाही तर ती दिवसभर खिडकीला नाक लावून बसतात.

ती गाडी म्हातारी झाली. मेकॅनिकनं स्पष्ट सांगितलं, "बाई, रोजचा ताण आता ही सोसायची नाही. फार तर दुरुस्त करून एक दिवसाआड चालवा." झालं! ताईची झोप उडाली. केंद्राच्या बैठकीत सगळे सुस्कारे टाकत असताना ही उभी राहिली (बसली होती कधी म्हणा) आणि म्हणाली, "शहरातली मॅरेथॉन मी पळते. लोकांकडून पैसे मागू. नवी गाडी घेऊ." पन्नाशी उलटलेली बाई! मला कळलं तेव्हा माझ्या हातातली सुई बोटात घुसली.

लोकांनी थोडं थोडं कबूल केलं. खरा आकडा होता हार्डवेअरवाल्याचा. हा मनुष्य तरुणपणी कुस्ती खेळलेला. भीक घालणार नाही, पण जिंकलेल्याला देईन, असा त्याचा बाणा. "बाराच्या आत रेषा ओलांडलीस तर गाडीची अर्धी किंमत माझी," तो सगळ्यांसमोर म्हणाला. बाराला रस्ते पुन्हा गाड्यांसाठी उघडायचे असल्यानं स्पर्धाही तेव्हाच संपणार होती. म्हणजे नव्या गाडीचं सगळं ताईच्या दोन पायांवर आलं.

सराव कुठे करावा? बागा आहेत, मैदान आहे. पण आमच्या बाईसाहेबांच्या पायांना एकच रस्ता ठाऊक, गाडीचा. ती त्याच रस्त्यानं पळायची आणि सवयीनं प्रत्येक दारापाशी थांबायची! कोणी पाणी द्यायचं, कोणी सुनेच्या तक्रारी. बेकरीवाल्या आजी तर तिला पायरीवर बसवायला बघायच्या आणि ही जागच्या जागी पळत पळत त्यांचं ऐकायची. मी सायकलवरून पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे. लोक हसायचे, माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"असं थांबत गेलीस तर बारा काय, रात्रीचे बारा वाजतील," मी बजावलं. मॅरेथॉनचा शेवटचा भाग नेमका याच रस्त्यावरून जाणार होता. मग तिनं सगळ्यांना समजावलं, "त्या दिवशी बोलायचं नाही. दारात यायचं आणि हात वर करायचा. तुम्ही दिसलात की मी पुढे जाईन."

सगळ्यांनी माना हलवल्या. सिग्नलकाकांनीही हलवली. हे काका जन्मभर रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये नोकरीला होते. एकटे राहतात. सगळ्यांत जास्त वेळ गाडी थांबते ती यांच्या दारात. बुटाची नाडी, चष्मा, गॅस बंद केला का, मग पुन्हा एकदा गॅस बंद केला का. मागे गाडीत बसलेले हाका मारतात, ताई हॉर्नवर बोटं नाचवते, आणि काका येताना रोज म्हणतात, "आज पण मी लेट केली ना गाडी?"

मॅरेथॉनच्या दिवशी पहाटेच मी बाटल्या भरून सायकलला अडकवल्या. ताई पहिला निम्मा भाग बऱ्यापैकी पळाली. पुढे पाय ओढायला लागली, पण चालली नाही. आमच्या भागात शिरली तेव्हा मी फुटपाथवरून सायकल हाणत तिच्या बरोबरीनं होते. घड्याळ बघितलं. वेळ होता. फार नाही, पण होता. दारादारांतून हात वर होत होते. बेकरीवाल्या आजींनी तोंडावर पदर धरला होता, बोलणं बाहेर पडू नये म्हणून. ताईला हसू आलं. मला वाटलं, जमलं! आणि मग सिग्नलकाकांचं दार आलं. बंद.

ताई थांबली.

"अगं पळ!" मी ओरडले. "गेले असतील गर्दी बघायला."

"बाहेरून कुलूप नाही," ती म्हणाली.

खरंच नव्हतं. म्हणजे माणूस आत होता. ती दोन पायऱ्या चढायला रेलिंगला लोंबकळली आणि दारावर थाप मारली. "काका! ओ काका!" आत चिडीचूप. ती दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली. समोरून पळणारे पुढे जात होते, मी तिचा दंड धरून ओढत होते. "ताई, मी थांबते, मी बघते, तू जा! सगळ्यांची गाडी जाईल!" तिनं माझा हात असा झटकला की मी सायकलीवर आदळले.

"ते कधी दारात नसतात असं होत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना.

शेजारचे सगळे रस्त्याच्या कडेला जाऊन उभे होते. त्यांच्यातला एक धिप्पाड रंगारी मी ओढून आणला. त्याचा आणि ताईचा खांदा मिळून कडी निखळली तोवर चांगली वीस मिनिटं गेली होती.

काका दारामागेच स्टुलावर बसले होते. धडधाकट. तोंडावर हात दाबून.

"आवाज का नाही दिलात?" ताई किंचाळली. "मी काय काय मनात आणलं, कळतंय का तुम्हाला?"

काका उठून उभे राहिले. "अगं, तू थांबू नयेस म्हणून. मी दिसलो की तू थांबतेस. रोज माझ्यामुळे लेट होते. म्हटलं, आज तरी लाइन क्लिअर द्यावी. पळ ना बाई! मी नाहीच असं समज."

"तुम्ही नाही असं समजून मी कशी पळू?"

ती रडत होती. मीही. राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. काकांच्या गालात एक द्यावी असंही वाटलं, हे लपवत नाही. मग ताईनं नाक पुसलं आणि ती पुन्हा रस्त्यावर उतरली. थांबल्यानं पायांत गोळे आलेले. ती पळत नव्हती, नुसती पुढे पडत होती आणि दर वेळी पाय मध्ये घालत होती.

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. कमान उतरवत होते, सफाईवाल्या बायका प्लॅस्टिकचे पेले झाडत होत्या. हार्डवेअरवाला उभा होता. वाईट त्यालाही वाटलं असावं, कारण त्यानं टोपी काढली. "पळालीस छान. पण शब्द म्हणजे शब्द."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार, तेवढ्यात ताईनं माझं मनगट पिळलं. "एक अक्षर बोलायचं नाही. उद्या सगळे मिळून म्हाताऱ्याला खातील. तो घराबाहेर पडायचा बंद होईल."

म्हणून तिनं रंगाऱ्याला शपथ घातली आणि जगाला सांगितलं की गुडघा धरला. काकांना मात्र तिनं सांगितलं की वेळेत पोचले, पण पैसे दुसरीकडून कमी पडले. मी जन्मात एवढं गप्प बसले नव्हते. जमलेल्या पैशांत जुनी गाडी दुरुस्त झाली आणि एक दिवसाआड धावू लागली. गाडी नसेल त्या दिवशी ताई घरात पिंजऱ्यात कोंडल्यासारखी फिरायची, माझ्या कापडांना अडखळायची, खिडकीत जायची, परत यायची. माझंही शिवण वाकडं जायला लागलं.

केंद्राच्या पडद्यांचं काम मला मिळालं, म्हणून एका सकाळी मी गाडीत मागे बसले होते. बेकरीवाल्या आजींचं टोमणे मारणं चालू होतं. आदल्या दिवशी त्या एकट्याच घरात बसून होत्या. "दम नव्हता तर कबूल कशाला करायचं? बारापर्यंत नाही पोचता आलं. आमचे तीन दिवस गेले ना आठवड्यातले!"

"बारापर्यंत नाही?" सिग्नलकाका म्हणाले. "कोण म्हणतं? ती वेळेत पोचली होती."

ताईनं आरशात बघितलं नाही. काकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मला तोंड लपवता आलं नाही.

"गाडी थांबव," ते म्हणाले. ताईनं कडेला घेतली. काका दांड्याला धरून उभे राहिले आणि सगळ्यांकडे तोंड केलं. "ती माझ्या दारात थांबली होती. मी आत लपून बसलो होतो. तुमचे तीन दिवस माझ्यामुळे गेले. काय बोलायचं ते मला बोला."

मला वाटलं, आता आजी तोफ डागणार. पण त्या हळूच पुढे वाकल्या.

"आणि मी दारात नसते तर गं?"

"तर तुमच्या दारात थांबले असते," ताई म्हणाली.

"मी एवढी तोंडाळ असून?"

"हो."

"आणि मी?" मागून एका निवृत्त नर्सबाईंनी विचारलं. त्या कधी कोणाशी बोलत नाहीत.

"थांबले असते."

"मी?" "माझ्याकडे?" एकेक जण विचारत गेला, लहान मुलांसारखा, आणि ताई समोर बघत प्रत्येकाला उत्तर देत गेली. कोणाला हो म्हणायला ती क्षणभरही अडली नाही. शेवटी चिडून म्हणाली, "आता पुरे! बसा खाली सगळे. काका, तुम्हीही बसा."

मी शेवटच्या सीटवर पडद्याचं कापड मांडीवर घेऊन बसले होते. मलाही विचारायचं होतं. सख्खी बहीण असून विचारायची लाज वाटली, आणि ती क्षणभर अडली तर काय, याची भीतीही वाटली. ताईनं गिअर टाकला. आम्हाला आधीच उशीर झाला होता.